पुतळा हलवला की हटवला?

अमेरिकेच्या संसद भवनातल्या पुतळ्यांवर लिहिताना एकाने ‘तिथे कोणाच्या प्रतिमा लावायच्या हे राज्ये ठरवतात’ असं वाक्य केलं. प्रतिमा म्हणजे पुतळा होतो का, असा प्रश्न आहे.

कोशात होतो, कानाला होत नाही. आजच्या मराठीत ‘प्रतिमा’ म्हटलं की चौकटीतली तसबीर डोळ्यापुढे येते, आणि पुढे ‘लावायच्या’ आलं म्हणजे तर खिळाच ठोकला. पुतळा लावत नाहीत. उभारतात किंवा बसवतात. ‘उभारणे’ म्हटलं की मला चौथरा आणि वर उघडं आभाळ दिसतं, त्यामुळे इमारतीतला पुतळा मी ‘बसवला’च म्हणेन, मग तो उभा का असेना! ‘मूर्ती’ इथे नको. मूर्तीची प्रतिष्ठापना होते, पुतळ्याचं अनावरण.

पण खरी फसगत पुतळा जागचा जातो तेव्हा होते. प्रत्येक राज्याला आपल्या दोन दिवंगत व्यक्तींचे संगमरवरी किंवा ब्राँझचे पुतळे पाठवता येतील, असा तिथला १८६४चा कायदा. १९३३पर्यंत इतके पुतळे जमले की ते ठेवलेल्या संसद भवनातल्या जुन्या सभागृहाच्या जमिनीला भार पेलवेना, म्हणून बरेचसे त्याच इमारतीत इतरत्र नेले. हे पुतळे हलवले. आधी दिलेला पुतळा बदलून घेण्याची मुभा राज्यांना २०००च्या कायद्याने मिळाली. त्यासाठी विधिमंडळाचा ठराव आणि गव्हर्नरची मंजुरी लागते. व्हर्जिनियाने दिलेला रॉबर्ट ली यांचा, म्हणजे अमेरिकी यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या सेनापतीचा पुतळा डिसेंबर २०२०मध्ये तिथून काढला. तो हटवला. कपाट हलवतात, अतिक्रमण हटवतात. ‘हटवणे’त ‘हे इथे नकोच’ असा निवाडा असतो. १९३३च्या पुतळ्यांना ‘हटवले’ म्हणालात, तर नसलेलं भांडण उकरून काढाल.

आणखी एक अडचण. कॅन्ससने २००३मध्ये आपले जुने गव्हर्नर जॉर्ज ग्लिक यांच्याऐवजी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा पुतळा दिला. इथे ‘हटवला’ म्हणणं ग्लिकना जड जाईल, आणि नुसतं ‘पुतळा बदलला’ म्हटलं तर नाकडोळे नव्याने कोरल्यासारखं वाटतं. मी सरळ ‘ग्लिक यांच्या जागी आयझेनहॉवर आले’ असं लिहीन. मराठीत पुतळ्याऐवजी माणसालाच आणून उभं करता येतं.