रोजच्या निसर्गनोंदी आणि फोटो ऑनलाइन कुठे टाकावेत, म्हणजे ती जागा बंद पडली तरी हातात काही राहील?

प्रश्न असा आहे: बडोद्यात कामाठीबागेजवळ राहतो. सकाळी फिरताना दिसलेले पक्षी, झाडांची पालवी, गच्चीवरच्या गमतीजमती फोटोंसकट टाकत असतो. जिथे टाकायचो तिथले नियम बदलले, ओळखीची मंडळी पांगली. आता कुठे जाऊ, आणि उद्या तीही जागा गेली तर?

नवी जागा नंतर बघा, जुन्या जागेवरचं सगळं आधी उतरवून घ्या. 'बंद होणार' अशी घोषणा झाली की सगळे एकदम धावतात आणि डाउनलोड रडायला लागतं. फोटो टाकायची साइट पॅनोरामिओ २०१६ मध्ये गेली, गूगलचं समाजमाध्यम गूगल प्लस २ एप्रिल २०१९ ला. फ्लिकर ही फोटोंची साइट तर बंद न होताच फुकट खात्यांना १००० फोटोंची मर्यादा घालून बसली. कंपनी मोठी आहे म्हणून जागा टिकेल, असं काही नसतं.

यापुढे मूळ नोंद घरच्या संगणकावर ठेवायची आणि बाहेर जाईल ती तिची प्रत. यासाठी खास प्रोग्राम लागत नाही. महिन्याला एक साधी टेक्स्ट फाइल पुरते. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टांत लिहिलेलं तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वाचता येत नाही. फाइलचं नाव मात्र रोमन अक्षरांत द्या आणि सुरुवात वर्ष-महिना अशी करा. त्याने फाइली आपोआप क्रमाने लागतात, आणि झिप करताना जुने प्रोग्राम देवनागरी नावांची प्रश्नचिन्हं करतात तो त्रासही टळतो.

'आज बागेत पक्षी छान दिसले' याचा पाच वर्षांनी तुम्हालाही उपयोग नाही. नोंद अशी हवी: '१४ फेब्रुवारी, सकाळी ७.१० ते ७.३५, काळ्या घोड्याचा पूल, काळे शराटी ४, पाण्याच्या कडेला चरत. वेडा राघू २, तारेवर. खंड्या १, फक्त आवाज.' वेळ, जागा, संख्या, काय करत होता, दिसला की ऐकला. पाच गोष्टी, दोन मिनिटांचं काम. मराठी नावाशेजारी शास्त्रीय नाव लिहिलंत तर उत्तम, कारण आपली नावं गावागणिक बदलतात. तुमचा शराटी दुसऱ्या कुणाचा कुदळ्या असतो.

फोटोंच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान व्हॉट्सॲप करतं. मोबाइलच्या मूळ फोटोत तारीख, वेळ आणि (लोकेशन चालू असेल तर) अक्षांश-रेखांश दडलेले असतात. तो घरच्या ग्रुपवर फोटो म्हणून पाठवला आणि तिथून परत उतरवून अपलोड केला की ही सगळी माहिती पुसलेली असते, चित्रही बारीक झालेलं असतं. फाइलच्या नावात उरते ती व्हॉट्सॲपची तारीख. मग फेब्रुवारीत फुललेली सावर नोंदीत जूनमध्ये फुलते! पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

आता जागा. एकच जागा नको, कामाप्रमाणे वेगळ्या.

पक्ष्यांसाठी ई-बर्ड. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचा हा उपक्रम २००२ पासून चालू आहे, आणि तिथून तुमच्या सगळ्या नोंदी एका सीएसव्ही फाइलीत (साध्या मजकुरातला तक्ता, एक्सेलमध्येही उघडतो) कधीही उतरवता येतात. इथली 'पूर्ण यादी' लोक हमखास चुकवतात. ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिले तरच ती पूर्ण. कावळा, कबूतर, साळुंकी 'काय लिहायचं त्यात' म्हणून गाळलेत तर ती यादी पूर्ण म्हणून खूण करू नका. गेलात त्याच वाटेने परत आलात तर चाललेलं अंतर एकेरीच भरायचं. आणि कामाठीबागेत प्राणिसंग्रहालय आहे हे विसरू नका: पिंजऱ्यातले मोर-पोपट यादीत येत नाहीत, बाहेरून येऊन पिंजऱ्याच्या छतावर बसलेला बगळा येतो.

झाडं, किडे, सरडे, फुलपाखरं यांच्यासाठी आयनॅचरलिस्ट, म्हणजे फोटो टाकला की इतर लोक ओळख सांगतात ती साइट. इथे एक नोंद म्हणजे एक जीव. एकाच नोंदीत पळस, मुंगी आणि खार असे तीन फोटो टाकले तर ओळख करून देणारा बिचारा कशाचं नाव सांगणार? याउलट एकाच झाडाचे चार फोटो मात्र एकाच नोंदीत हवेत: पूर्ण झाड, पानाची खालची बाजू, पान फांदीला जोडलेलं दिसेल असा, आणि फूल किंवा फळ. नुसत्या हिरव्या पसाऱ्याच्या फोटोवरून कोणी काही सांगू शकत नाही. पक्ष्यातही तसंच. शिक्रा आणि पावशा छातीवरून फसवतात. चोच स्पष्ट आली तर शिक्र्याची आकडी लगेच कळते, पावशाच्या डोळ्याभोवती पिवळं कडं दिसतं. कुंडीतली तुळस आणि बागेत लावलेली झाडं 'लागवडीचं' अशी खूण करूनच टाका. शिवाय खात्याच्या सेटिंगमध्ये टाइमझोन भारताचा आहे ना बघा, नाहीतर पहाटेच्या नोंदी आदल्या दिवशी जाऊन पडतात. मूळ फोटो मात्र घरी जपा, कारण तिथे लांब बाजू २०४८ पिक्सेलपर्यंत आकसते.

जागा उघड करताना हात जरा आखडता. विश्वामित्री नदीतली मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहे, आणि मगरीचं घरटं किंवा घुबडाची ढोली नकाशावर अचूक टिंबाने दाखवणं म्हणजे बघ्यांना आमंत्रण. आयनॅचरलिस्टमध्ये 'अस्पष्ट' हा पर्याय निवडला की टिंब साधारण २० किलोमीटरच्या चौकटीत कुठेतरी जाऊन पडतं. पण खाली वर्णनात 'आमच्या सोसायटीमागच्या नाल्यात' असं लिहिलंत तर सगळं मुसळ केरात. घरट्याचे फोटो पिल्लं उडून गेल्यावर टाकले तरी चालतात.

गच्चीवरच्या गमती, शेजारच्या काकूंच्या कुरडया, उत्तरायणातले पतंग यांना या दोन्ही ठिकाणी जागा नाही. त्या जिथे वाचक असतील तिथे लिहा, फक्त तो दुवा लॉगिनशिवाय उघडतो का ते पाहा. उघडत असेल तर वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये 'सेव्ह पेज नाऊ'च्या चौकटीत पत्ता टाकून एक प्रत तिथे ठेवता येते. कुलूपबंद समाजमाध्यमांतलं तिथे जात नाही.

शेवटची एक खोच. उतरवलेली सीएसव्ही दोनदा क्लिक करून थेट एक्सेलमध्ये उघडली तर मराठी शेऱ्यांच्या जागी बऱ्याचदा विचित्र चिन्हांची भेळ दिसते. घाबरू नका, आणि त्या अवस्थेत 'सेव्ह' तर अजिबात दाबू नका. मजकूर खराब होतो तो तेव्हा. फाइल बंद करा, कोरं एक्सेल उघडा, 'डेटा' टॅबमधून 'टेक्स्ट/सीएसव्ही' आयात करा आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा. अक्षरं जागेवर येतात. मग एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक दुसऱ्या घरी राहणाऱ्या कोणाकडे तरी. बडोद्यात तळमजल्यावर राहणाऱ्यांना यातलं 'दुसऱ्या घरी' का, ते ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर सांगायला नको.