वाचकांचे प्रश्न : वीज नसलेल्या घरासाठी सौरसंच

प्रश्न : भोर तालुक्यातील आमच्या डोंगरावरच्या घरी वीज नाही. चार दिवे, एक पंखा आणि मोबाइल यांसाठी सौरसंच केवढा असावा?

उत्तर : प्रथम रोजचा वापर मोजावा. ९ वॅटचे चार दिवे ५ तास आणि ३० वॅटचा बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा, कमी वीज खाणारा) पंखा ८ तास चालवल्यास, मोबाइल धरून, सुमारे ४५० वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत १,८०० वॅट-तास मावत असले, तरी ती निम्म्याहून अधिक उतरवल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणून ती दोनच दिवसांची समजावी. उन्हाळ्यात २०० वॅटचे पॅनेल पुरते. मात्र सह्याद्रीतला आषाढ पाहता (विक्रेत्यांना तो सहसा आठवत नाही) ३०० वॅटच्या खाली जाऊ नये. पॅनेल दक्षिणाभिमुख, सुमारे १८ अंश कलते बसवावे.