निवृत्तीच्या तोंडावर पावणेपाच लाखांचा लायका संच घ्यावा का?

ठाण्याच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा. वय ५७, खासगी नोकरी, निवृत्तीला चौदा महिने उरलेले. कर्ज नाही, मुलीचे शिक्षण झालेले. घरखर्च महिना ६२ हजार, बचत खात्यात दीड लाख, आणि पुढच्या महिन्यात सहा लाखांच्या ठेवीची मुदत संपते. एका परिचितांच्या दिवंगत काकांचा कॅमेऱ्यांचा संच ४.७५ लाखांना मिळतो आहे : लायका या जर्मन कंपनीचा फिल्मवर चालणारा एम३ कॅमेरा (१.६० लाख), ५० मिमीची समिक्रॉन लेन्स (९५ हजार), ३५ मिमीची समारॉन (१.०५ लाख), ९० मिमीची एल्मार (४५ हजार), आणि दोन सुटे व्ह्यूफाइंडर (चौकट पाहण्याच्या खिडक्या) व प्रकाश मोजणारा एक मीटर मिळून ७० हजार. शिवाय १९३०च्या दशकातला म्हणून सोनेरी मुलाम्याचा एक 'जर्मन नौदलाचा लायका' भेट म्हणून. "वापरायलाही होईल आणि गुंतवणूकही होईल," असे त्यांचे म्हणणे आहे, आणि पुरावा म्हणून त्यांनी २०२२च्या लिलावाचा दाखला दिला आहे.

प्रथम तो लिलाव. त्या वर्षी १ कोटी ४४ लाख युरोंना गेलेला १०५ क्रमांकाचा कॅमेरा हा लायकाचा जनक ओस्कार बार्नाक यांचा स्वतःचा होता, आणि तोही विक्रीपूर्व काळातल्या मोजक्या चाचणी-नमुन्यांपैकी. एम३ मात्र १९५४ ते १९६६ या काळात दोन लाखांहून अधिक संख्येने तयार झाला. तो उत्तम कॅमेरा आहे, पण दुर्मीळ नाही. त्या लिलावावरून एम३ची किंमत ठरवणे म्हणजे राजवाड्याच्या भावावरून आपल्या सदनिकेचा भाव काढण्यासारखे आहे.

आता गुंतवणुकीचा हिशेब घालून पाहू. ४.७५ लाख पुन्हा ७ टक्के दराने ठेवीत ठेवले आणि व्याजावर सुमारे २० टक्के कर गेला असे धरले, तर हाती ५.६ टक्के राहतात आणि दहा वर्षांनी सुमारे ८.१९ लाख होतात. या संचाला तेवढीच मजल मारायची असेल, तर दहा वर्षांत दोनदा करावी लागणारी सर्व्हिसिंग (मी प्रत्येकी २५ हजार धरले आहेत) आणि विकताना मध्यस्थाचे १२ टक्के जाऊन तो सुमारे ९.८८ लाखांना विकला गेला पाहिजे. म्हणजे भाव दुपटीच्या वर जायला हवा. तसे होणारच नाही असे मी म्हणत नाही. पण निवृत्तीचा पैसा अशा अपेक्षेवर बसवू नये, विशेषतः जी वस्तू गरजेच्या दिवशी बँकेसारखी चार वाजेपर्यंत मोडता येत नाही तिच्यावर.

यात करांचा एक मजेशीर मुद्दा आहे. वैयक्तिक वापराची जंगम वस्तू आयकर कायद्याच्या दृष्टीने सर्वसाधारणपणे भांडवली मालमत्ता ठरत नाही. दागिने, चित्रे, शिल्पे यांसारखे अपवाद सोडले तर तिच्या विक्रीतल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. कॅमेरा या अपवादांच्या यादीत नाही. मात्र हा लाभ 'वैयक्तिक वापर' या दोन शब्दांवर उभा आहे, आणि आपणच पत्रात त्याला गुंतवणूक म्हणता आहात.

यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. संग्राहक पैसे मोजतो ते न हाताळलेल्या स्थितीसाठी : मूळ आवरण, मूळ डबा, ओरखडा नसलेली तळपट्टी. वापरणारा पैसे मोजतो ते स्वच्छ व्ह्यूफाइंडरसाठी आणि अचूक शटरसाठी. आपण महिन्याला दोन रोल काढणार असाल, तर पहिल्या प्रकारची किंमत दर महिन्याला थोडी थोडी झिजणार, आणि आपण ती खुशाल झिजू द्यावी. फक्त तिचे पैसे आधी मोजू नयेत.

म्हणून प्रश्न एवढाच उरतो, की वापरासाठी या संचातले काय लागते? एम३च्या व्ह्यूफाइंडरचे विवर्धन ०.९१ आहे, म्हणजे दृश्य जवळजवळ प्रत्यक्षाएवढेच दिसते, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून चौकट बांधता येते आणि फोकस फार नेमका लागतो. याच मोठ्या प्रतिमेची दुसरी बाजू अशी, की त्यात ५०, ९० आणि १३५ मिमीच्याच चौकटी (त्या लेन्स किती दृश्य टिपतील हे दाखवणाऱ्या रेषा) मावतात; आकडा जितका लहान, तितके दृश्य रुंद. ३५ मिमीची चौकट त्यात नाही. आपल्या समारॉनला एम३च्या खिडकीतले दृश्य रुंद करणारी चष्म्यासारखी जोड नाही असे आपण लिहिले आहे, म्हणजे फोकस एका खिडकीतून आणि चौकट वर बसवलेल्या सुट्या व्ह्यूफाइंडरमधून पाहावी लागणार. कॅमेऱ्यात मीटर नाही, तोही वरच बसतो. आणि वरची खाच एकच आहे. मीटर लावला तर व्ह्यूफाइंडर खिशात. याचा अर्थ १.७५ लाखांचा माल (समारॉन, व्ह्यूफाइंडर, मीटर) एकमेकांच्या पायात पाय घालणारा आहे. ३५ मिमीच हवी असेल, तर तिची चौकट असलेला लायकाचाच एम२ पाहावा. निम्म्याहून कमी पैशात सुरुवात करायची असेल, तर १९५९चा कॅनन पी : ३५, ५०, १०० या तिन्ही चौकटी, लेन्स आट्यांवर फिरवून बसवण्याचा ३९ मिमीचा स्क्रू माउंट, आणि पुढे एम३ घेतलाच तर याच्या लेन्सा रिंग लावून त्यावर चालतात. त्याच्या शटरच्या पोलादी पडद्यावर सुरकुत्या दिसल्या तर घाबरू नये, बहुतेकदा त्याने काही बिघडत नाही.

नौदलाच्या भेटवस्तूची किंमत शून्य धरावी. असे सोनेरी 'लायका' बहुधा सोव्हिएत फेड किंवा झोर्की कॅमेऱ्यांवर नवी अक्षरे कोरून केलेले असतात. लेन्स काढून आत पाहावे : खऱ्या लायकात लेन्सला टेकणाऱ्या दांड्याच्या टोकाला गोल चाक असते, या कॅमेऱ्यांत ते टोक पाचरीसारखे असते.

आता सहा लाखांकडे येऊ. सहा महिन्यांचा खर्च ३.७२ लाख होतो आणि आपल्याकडे दीड लाख आहेत, म्हणून २.२२ लाख आधी आकस्मिक निधीत जातील. राहिले ३.७८ लाख. कंपनीचा समूह आरोग्य विमा निवृत्तीबरोबर संपेल. रक्तदाब असल्याचे आपण लिहिले आहे. आधीपासूनच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षाकाळ असू शकतो, त्यामुळे आपली व पत्नीची स्वतंत्र पॉलिसी आत्ताच सुरू करावी आणि तिच्या पहिल्या हप्त्यांसाठी १.५३ लाख बाजूला ठेवावेत. उरतात सव्वादोन लाख, आणि ते मी निःसंकोच कॅमेऱ्याला देईन. बॉडी आणि समिक्रॉन मिळून २.५५ लाख मागितले आहेत; सर्व्हिसिंगचे २५ हजार धरून व्यवहार सव्वादोन लाखांत बसवायचा, म्हणजे दोन लाखांना मागायचे. "सगळे एकत्रच घ्या" असा आग्रह असेल तर सोडून द्यावे. रोल, धुलाई आणि स्कॅनिंग मिळून आपण सांगितलेले रोलमागे १,६०० रुपये वर्षाला ३८,४०० होतात, आणि हा खर्च मासिक अंदाजपत्रकात दिसला पाहिजे, ठेवीत नव्हे.

पाहणीला विजेरी घेऊन जावे. लेन्सचे छिद्र पूर्ण उघडून मागून प्रकाश टाकला, की पांढुरकी झाक आणि बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे लगेच दिसतात. सुरुवातीच्या समिक्रॉनचा लेप मऊ असल्यामुळे रुमालाने पुसल्याच्या रेघाही दिसतील. दादरच्या माझ्या एका अशिलांनी अशीच लेन्स चामड्याच्या केसमध्ये, लोखंडी कपाटात जपून ठेवली होती. दोन पावसाळ्यांत बुरशीने लेप खाल्ला. चामडे ओल धरते, म्हणून केस वेगळी ठेवावी आणि कॅमेऱ्यासाठी आर्द्रता सुमारे ४५ टक्क्यांवर राखणारी पेटी घ्यावी. एका सेकंदाच्या शटरचा आवाज अडखळता कामा नये. या कॅमेऱ्यात खिडकीच्या मधल्या ठिपक्यातल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करतात; लेन्स अनंतावर (सर्वांत दूरच्या खुणेवर) ठेवून दूरच्या इमारतीची कड पाहताना त्या दोन्ही एकरूप झाल्या पाहिजेत. तो ठिपका फिका किंवा काळा असेल, तर आतल्या प्रिझमचा सांधा सुटल्याची शक्यता आहे, आणि ती दुरुस्ती महाग पडते. मग एक रोल भरून एक मीटर अंतरावर एफ २ ला (छिद्र पूर्ण उघडून) आणि अनंतावर अशी छायाचित्रे काढावीत, अनुक्रमांक पावतीवर घालून घ्यावेत, आणि पैसे रोल धुऊन आल्यावरच द्यावेत. विक्रेत्याला त्या चार-सहा दिवसांची घाई असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.