किवी कुठल्या शेतात पिकली?

प्रश्न : आमच्या भागात महापालिकेच्या मैदानावर दर बुधवारी शेतकरी आठवडे बाजार भरतो. 'थेट शेतकऱ्यांकडून' अशी मोठी पाटी आहे. पण परवा एका गाळ्यावर सफरचंद आणि किवी दिसली. हा बाजार खरा, की नुसती पाटीच? आणि माल जवळच्या शेतातला असला, तर तो विषमुक्त समजावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : किवी पाहून शंका आली, हे बरं झालं. मी पुरंदरातून नऊ वर्षं असा बाजार करते आहे, म्हणून आतलं सांगते.

जुलै २०१६ मध्ये सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, म्हणजे तो समितीच्या आवाराबाहेरही विकायची मुभा दिली. त्याच वर्षी संत सावता माळींच्या नावाने आठवडे बाजाराचं अभियान निघालं. (सावतोबांना कांदा-मुळा-भाजीत विठाबाई दिसली. पहाटे तीनला बॅटरीच्या उजेडात मेथी उपटताना मला फक्त पाय कुठे पडतोय ते दिसतं.) यात पणन मंडळ, म्हणजे शेतमालाच्या विक्रीचं काम बघणारं राज्याचं मंडळ, शेतकरी गटांना जोडून घेतं आणि जागा पालिकेने द्यायची. जागा, दिवे, पाण्याचा नळ, बायकांसाठी स्वच्छतागृह, बाजार उठल्यावर झाडलोट. ऐकायला एवढंसं, पण बाजार टिकतो तो यावरच. एका पालिकेने आमची जागा दोनदा हलवली. आधी कुठल्याशा कार्यक्रमाचा मांडव पडला म्हणून, नंतर का ते कुणी सांगितलंच नाही. दुसऱ्यांदा कचरागाड्या उभ्या राहतात त्याच्या मागे बसवलं. नेहमीची गिऱ्हाइकं जुन्या जागी जाऊन परत गेली आणि माझ्या कोथिंबिरीच्या साठ जुड्या टेंपोत तशाच घरी आल्या. म्हशींची चंगळ झाली.

तरीही मी बाजार सोडला नाही. बाजार समितीच्या यार्डात माल उतरवला की भाव काय निघाला ते विक्रीची पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी, हातात पडल्यावर कळतं. इथे भाव मी बोलते, उतरायचं तर मीच उतरते.

आता ओळखायचं कसं? गाळ्यावरचे प्रकार मोजा. माझ्याकडे श्रावणात वाटाणा, घेवडा, कोथिंबीर आणि थोडे टोमॅटो असतात. वांगी संपली की संपली. वीस-पंचवीस प्रकार, सगळे एका मापाचे आणि बाराही महिने तेच, तर तो माल यार्डातून भरलेला. शेजाऱ्याचा माल आणणं मात्र खोटेपणा नव्हे. आमच्या गटातला एकजण सहा घरांचा माल घेऊन येतो, नाहीतर टेंपोचं भाडंच निघणार नाही. एक प्रश्न मात्र जरूर विचारा : "पुढच्या बुधवारी काय असेल?" शेतकरी आभाळाकडे बघून "पाऊस उघडला तर घेवडा, नाहीतर काही खरं नाही" असं काहीतरी म्हणेल. व्यापारी म्हणेल, "सगळं मिळेल, ताई!"

विषमुक्तचं म्हणाल तर, नाही. जवळचा माल म्हणजे फक्त कमी अंतरावरून आलेला माल. मी स्वतः टोमॅटोवर करप्यासाठी फवारणी करते. औषधाच्या डब्यावर काढणीआधी जितके दिवस थांबायला सांगितलंय तितके थांबते आणि विचारलं तर सांगते. 'सेंद्रिय' म्हणणाऱ्याकडे मात्र कागद मागा. लहान शेतकऱ्यांकडे बहुतेक पीजीएसचं, म्हणजे सहभागी हमी पद्धतीचं प्रमाणपत्र असतं. त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट असतो आणि ते एकमेकांची शेतं तपासतात. कागदावर 'पीजीएस ग्रीन' असेल तर जमीन अजून रासायनिकाकडून सेंद्रियाकडे वळते आहे. 'पीजीएस ऑरगॅनिक' असेल तर ते वळण पूर्ण झालं. पुष्कळजण पहिला कागद दाखवून दुसऱ्याचा भाव लावतात.

किवीवाल्याबद्दल आधी बाजाराच्या आयोजकाला विचारा. आमच्याकडे नाव नोंदवताना सातबारा घेतला होता, तुमच्याकडे काय घेतात ते कळेल. उडवाउडवी झाली तर क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या, सोसायटीच्या लेटरहेडवर, पोच घेऊन. आणि त्याच अर्जात पाण्याच्या नळाचंही लिहा. आमच्या सांगण्याला वजन नसतं, आम्ही तुमच्या वॉर्डातले मतदार नाही.

प्रश्न : रात्री आठनंतर गेलं की भाजी निम्म्या भावात मिळते. तेव्हा घेणं बरोबर आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पालेभाजी खुशाल घ्या. ती परत नेण्यात आमचंच नुकसान. टोमॅटो, बटाट्याला मात्र भाव पाडून मागू नका, ते दुसऱ्या दिवशीही विकले जातात. आणि मुद्दाम आठपर्यंत कोपऱ्यात उभी राहणारी मंडळी आम्हाला तोंडपाठ असतात. त्यांच्यासाठी क्रेटच्या तळाची कोथिंबीर राखून ठेवलेली असते.