कोडी नंतर, आधी संडासाची वाट तपास

सासूबाईंना डिमेन्शिया आहे हे कळल्याबरोबर तू स्मरणशक्तीची कोडी आणलीस. ती राहू देत. आधी त्यांच्या पलंगापासून संडासापर्यंतची वाट रात्री दोन वाजता स्वतः चालून बघ. माझी आई तिथेच पडली, पायपुसण्यावरून घसरून. खुब्याचं हाड मोडलं आणि त्यानंतर ती आधाराशिवाय कधीच चालली नाही. सुटी पायपुसणी काढ, मंद दिवा रात्रभर ठेव, कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा बसवून घे. टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही.

एक चाचणी घरीच होते. खुर्चीतून उठायचं, 3 मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असं समज. तू मात्र अगदी शेजारी राहा.

डॉक्टरांकडे गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून ने. झोपेच्या गोळीने तोल जातो का, ते मुद्दाम विचार. स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर 3 मिनिटांत, असं दोनदा बीपी बघायला सांग. वरचा आकडा 20 ने उतरला तर उठल्यावर चक्कर येऊ शकते.

आणि "मला घरी जायचंय" म्हणाल्या तर वाद घालू नकोस गं. मी आईला विचारायचे, "अंगणात काय होतं?" ती प्राजक्ताचं सांगत बसायची. कितीदा तरी तिला नुसती लघवीला लागलेली असायची, सांगता यायचं नाही.