सातव्या महिन्यात बाळाच्या मेंदूत रक्तस्राव
प्रश्न: डॉक्टर, सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूत रक्तस्राव दिसला, बाळ गेलं. सासूबाई म्हणतात मी ओझं उचललं म्हणून. हे जेनेटिक असेल का?

उत्तर: ताई, ओझ्याचं आधी मनातून काढून टाका, तुमची काहीच चूक नाही. सीओएल४ए१ आणि सीओएल४ए२ हे जीन्स रक्तवाहिन्यांच्या अस्तराला बळकटी देणारं कोलॅजन बनवतात, त्यात बिघाड असला की पोटातच मेंदूतली नस फुटू शकते. आईबाबांपैकी एकाला बिघाड असेल तर प्रत्येक खेपेला तो बाळात उतरण्याची ५० टक्के शक्यता, आणि त्यांना स्वतःला कधीकधी काहीच त्रास नसतो, कधी हा बिघाड बाळातच नव्याने झालेला असतो. दोघांच्या प्लेटलेट्सचा (रक्त गोठवणाऱ्या पेशींचा) प्रकार पण तपासून घ्या, कारण आईच्या अँटीबॉडीज बाळाच्या प्लेटलेट्स मारतात तेव्हाही असंच होतं आणि त्यावर पुढच्या गरोदरपणात उपचार आहेत. चान्स घ्यायच्या आधी जेनेटिक काउन्सेलरला नक्की भेटा.