हरीण घरी कापावं की प्रोसेसरकडे द्यावं?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधून, सॉक काउंटीतून एका वाचकांनी लिहिलं आहे. त्यांचं पत्र थोडक्यात असं:

"ऑफिसातल्या मित्रांबरोबर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातो. गेल्या वर्षी व्हाइटटेल जातीची दोन हरणं मिळाली, दोन्ही प्रोसेसरकडे, म्हणजे शिकार कापून देणाऱ्या दुकानात दिली. कातडं आणि हाडं काढून, कापून, गुंडाळून द्यायचे एका हरणाचे 140 डॉलर. शिवाय 30 पौंड समर सॉसेज करून घेतलं, त्याचे पौंडाला साडेचार. एकूण बिल 415 डॉलर. मांस सगळं मिळून 90 पौंडांच्या आसपास भरलं; निम्मं मित्राच्या फ्रीझरमध्ये ठेवावं लागलं. मित्र म्हणतात, एकदाच सामान घे आणि घरी काप. दुकानात यादी केली ती 1,140 डॉलरवर गेली: ग्राइंडर 380, डीप फ्रीझर 280, व्हॅक्यूम सीलर 170, स्टीलचं टेबल 160, सुऱ्या आणि पाट 90, टांगायची कप्पी 60. दुकानाचं कार्ड काढलं तर बारा महिने बिनव्याजी. बायको म्हणते, गॅरेजमध्ये हा पसारा नको, गेल्या वर्षीचे खिम्याचे 19 पुडे अजून पडून आहेत. मुलांना सॉसेज आवडतं, मला रस्सा. घरात गोमांस खात नाही. काय करावं?"

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर वहिनींनीच दिलं आहे. ते 19 पुडे. पौंडाचा एक पुडा धरला आणि 280 डॉलरची कापणावळ 90 पौंडांवर वाटली, तर पौंडाला तीन डॉलर पडले. म्हणजे जवळजवळ साठ डॉलरची मजुरी फ्रीझरच्या तळाशी पडून आहे, आणि ती सगळी खिम्याची. खिमा तीन-चार महिन्यांत चव घालवू लागतो. तुमच्या घरात हरणाचा खिमा कुणी मागत नाही. आणि तुमच्या यादीतली सगळ्यात महागडी वस्तू कोणती, तर खिमा करायचं यंत्र!

प्रोसेसर एवढा खिमा का करतो, हे समजून घ्या. त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक बर्गर आणि चिली करणारं असतं. खांदा, मान, पायाच्या पोटऱ्या यांत शिरा आणि पडदे फार, ते साफ करत बसण्यापेक्षा ग्राइंडरमध्ये घालणं दुकानाला परवडतं. शिकारीच्या सीझनच्या नऊ दिवसांत त्याच्या दारात रांग लागलेली असते. आपल्या स्वयंपाकघरात याच मांसाला प्रेशर कुकर आहे. खांद्याचा जो चिवटपणा तव्यावर दात दुखवतो, तोच कुकरमध्ये विरघळून रश्श्याला अंगचा दाटपणा देतो. तुम्हाला रस्सा आवडतो, मग खांदा-मान खिम्यात घालवायचीच कशाला? दीड इंचाचे तुकडे करा आणि तसेच गोठवा. अखंड तुकडे घट्ट गुंडाळले तर आठ-दहा महिने चांगले राहतात.

आता यादी मोडून पाहू. फ्रीझर आधी बाजूला काढा. मांस घरी कापा नाहीतर बाहेर, ते ठेवायला जागा लागणारच; मित्राच्या फ्रीझरवर दर वर्षी हक्क सांगता येत नाही. म्हणून तो खर्च या तुलनेत येतच नाही. उरले 860. घरी कापलं तर एका हरणाला गुंडाळायचा कागद आणि प्लॅस्टिक धरून 15 डॉलर लागतील, म्हणजे बचत 125 डॉलरची. त्या हिशेबानं 860 डॉलर वसूल व्हायला सात हरणं लागतात. वर्षाला दोन मिळाली तर साडेतीन वर्षं. पण दर वर्षी दोन मिळतीलच असं कोण सांगणार? रिकाम्या हातानं परतणारे शिकारी तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिले असतील. प्रोसेसरचं बिल हरीण मिळालं तरच येतं. ग्राइंडरचे 380 डॉलर हरीण मिळो न मिळो, गेलेलेच असतात. ज्या उत्पन्नाची खात्री नाही त्याच्या भरवशावर बांधील खर्च करू नये, हे मी घर घेणाऱ्यांना सांगतो, तेच तुम्हालाही.

शिवाय यादी पुरी झालेलीच नाही. मुलांना हवं असलेलं समर सॉसेज नुसत्या ग्राइंडरमधून निघत नाही. भरायचं यंत्र लागतं, क्युअरिंगचं मीठ लागतं, धुरी द्यायची सोय लागते. म्हणजे पुढच्या वर्षी आणखी तीन-चारशे डॉलर.

याउलट सुऱ्या, पाट आणि कप्पी यांचे होतात 150 डॉलर. दोन हरणांत हे पैसे निघून वर शंभर उरतात. माझा सल्ला एवढ्यावरच थांबायचा आहे. स्टीलच्या टेबलाऐवजी घरातलं घडीचं टेबल धुऊन, वर मोठा पाट ठेवून काम होतं. व्हॅक्यूम सीलर चांगली वस्तू आहे, पण आधी प्लॅस्टिक फिल्म घट्ट लपेटून वरून फ्रीझर पेपर लावा आणि एक वर्ष काढून बघा.

वेळेचं काय? बरेच जण इथे पगाराला तासांनी भागतात आणि "माझा तास 55 डॉलरचा, मी हे का करू" असं म्हणतात. मला हा हिशेब पटत नाही. पगारदार माणसाचा रविवार कुणी 55 डॉलरनं विकत घेत नाही. नवख्या माणसाला कातडं काढण्यापासून शेवटचा पुडा गुंडाळेपर्यंत आठ-नऊ तास लागतील. तासाला 14 डॉलर सुटले. हात बसला की पाच तास, मग तासाला 25. आणि या 25 वर कर नाही. संघीय 22 टक्के, राज्याचे सुमारे 5 आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे 7.65 टक्के धरले तर 125 डॉलर हातात पडायला 190 कमवावे लागतात. तेव्हा बचत खरी आहे. पण ते आठ तास तुमच्या एकट्याचे नाहीत. सीझन थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, घरात पाहुणे, मुलांना सुट्टी, आणि तुम्ही गॅरेजमध्ये. वहिनींचा पसाऱ्याला विरोध आहे की त्या आठवड्यात घरचं सगळं त्यांच्या एकटीवर पडतं याला, हे आधी विचारून घ्या. दुसरं असेल तर पहिल्या हरणाचे 140 डॉलर देऊन टाकणं मला अजिबात उधळपट्टी वाटत नाही.

तुम्ही पत्रात एक गोष्ट लिहिली नाहीत, आणि सॉक काउंटीत ती सगळ्यात महत्त्वाची आहे: क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग. विस्कॉन्सिनमध्ये हा रोग 2002 मध्ये सापडला, आणि सॉक, डेन, आयोवा, रिचलँड या काउंट्यांचा राज्याचा दक्षिण पट्टा त्याचं घर झाला आहे. तो प्रायॉनमुळे, म्हणजे बिघडलेल्या आकाराच्या प्रथिनामुळे होतो. शिजवून किंवा गोठवून प्रायॉन नष्ट होत नाही. माणसाला हरणापासून लागण झाल्याची नोंद नाही, तरी रोग निघालेल्या जनावराचं मांस खाऊ नका असं सीडीसी ही अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सांगते. राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग तपासणी फुकट करतो, डोकं नेऊन द्यायचं, निकालाला साधारण दोन आठवडे लागतात. ही तपासणी दर वेळी करा. यात काटकसर करण्यासारखं काही नाही.

पैशाच्या बाजूनंही याचा अर्थ मोठा आहे. निकाल यायच्या आधी सॉसेज करायला दिलं आणि हरीण रोगट निघालं, तर कापणावळ गेली आणि पौंडाला साडेचारही गेले. म्हणून क्रम असा ठेवा: हरणाचं मांस घरी हाडांवरून सोडवा, प्रत्येक पुड्यावर कोणत्या हरणाचा ते लिहा, गोठवा, निकालाची वाट पाहा. निकाल स्वच्छ आला की सॉसेजपुरतं साफ केलेलं मांस प्रोसेसरकडे न्या. बरेच प्रोसेसर हाडं काढलेलं मांस घेतात, पण गोठवलेलं चालतं का आणि कमीत कमी किती पौंड लागतं हे आधी विचारा. सॉसेजचे घाणे मोठे असतात, त्यात चार शिकाऱ्यांचं मांस एकत्र जाऊ शकतं. माझं वेगळं करून द्या, असं सांगा. तिथेच दुसरा प्रश्न विचारा: यात चरबी कसली घालता? हरणाची स्वतःची चरबी मेणचट, तोंडाला चिकटणारी. ती काढून टाकतात आणि त्या जागी डुकराची किंवा गाईची घालतात. गोमांस न खाणाऱ्या घरानं हे न विचारता सॉसेज आणू नये. काही वेष्टनंही गाईच्या कातड्यातल्या कोलॅजनची असतात, तेही विचारून घ्या.

कापणं वाटतं तेवढं अवघड नाही. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणाची शिकार हा गुन्हा, तेव्हा गावाकडचं कुणी फोनवरून शिकवेल ही आशा नको. तुमच्या शिकारी मित्रांपैकी एकाला पहिल्या दिवशी बोलवा. आपला खाटीक बोकडाची मागची तंगडी हाडासकट तोडतो, तशी पद्धत इथे चालणार नाही. रोगामुळे हाड कापायचंच नाही. मागच्या पायाचे स्नायू एकमेकांना पातळ पडद्यानं चिकटलेले असतात. सुरीचं टोक त्या फटीत घालून हातानं ओढलं की मुठीएवढे-दोन मुठींएवढे गोळे अखंड सुटून येतात. पाठीच्या कण्याला लागून दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्या सोडवा, कण्याला धक्का न लावता. वरचा पांढरा चकचकीत पडदा सुरी आडवी धरून सोला. भेजा, मणका, डोळे, प्लीहा, लसिका ग्रंथींच्या गाठी यांना हात नाही. नळीच्या रश्श्याचा मोह इथे आवरायचा. स्वयंपाकघरातल्या रोजच्या सुऱ्या यासाठी वापरू नका, म्हणूनच 90 डॉलरच्या वेगळ्या सुऱ्या आणि पाट मी यादीत ठेवले. सांगाडा कुठेही टाकून द्यायचा नाही. पिशवीत बांधून कचरा डेपोत किंवा विभागानं ठेवलेल्या डंपस्टरमध्ये टाका. मांस 40 अंश फॅरेनहाइटच्या खाली राहिलं पाहिजे. नोव्हेंबरातही एखादा आठवडा 55 वर जातो. अशा वेळी गॅरेजमध्ये टांगून ठेवायचा हट्ट धरू नका, सरळ प्रोसेसरकडे द्या. 140 डॉलर वाचवण्याच्या नादात 45 पौंड मांस फेकून द्यावं लागलं तर काय उपयोग?

दुकानाच्या कार्डाबद्दल मात्र माझं स्पष्ट "नको". हे बिनव्याजी बहुधा पुढे ढकललेलं व्याज असतं. बारा महिन्यांच्या शेवटी दहा डॉलर जरी बाकी राहिले तरी खरेदीच्या पहिल्या दिवसापासूनचं व्याज एकदम लागतं. अशा कार्डांचे दर 30 टक्क्यांच्या आसपास असतात. 1,140 डॉलर दरमहा सारखे फेडत आलात आणि शेवटच्या हप्त्यात थोडी कसर राहिली, तर 180 डॉलरच्या वर व्याज बसेल. म्हणजे एका हरणाची कापणावळ आणि वर 40.

ग्राइंडर मनातून जातच नसेल तर तुम्ही आणि मित्र मिळून एक घ्या. चौघांत 95 डॉलर माणशी, वर्षाला सात-आठ हरणं, मग तो हिशेब बसतो. आपल्याकडे गावात एका बोकडाचे वाटे घालतात, इथे यंत्राचे घाला. मात्र ते कुणाच्या घरी राहणार आणि धुणार कोण, हे आधी ठरवा.

दुसरं हरीण मिळालं आणि घरात पहिल्याचंच मांस पुरेसं असलं तर राज्याचा हरीणदान उपक्रम आहे. त्यात सहभागी प्रोसेसरकडे हरीण द्यायचं. कापणावळ तुम्हाला पडत नाही आणि मांस अन्नछत्रांकडे जातं. सॉकसारख्या रोगग्रस्त काउंटीतलं हरीण वाटण्याआधी तपासलं जातं. 19 पुडे पाहता मी याचा विचार नक्की करीन.

फ्रीझर सीझनच्या आधी, रोखीनं घ्या. 90 पौंडांना तीन घनफूट जागा पुरते, तेव्हा पाच घनफुटांचा बस्स झाला. 280 चा मोठा घेण्याची गरज नाही. आणि तो येण्याआधी त्या खिम्याची कुकरमध्ये वाटाण्याची उसळ करतो तशी भाजी करून संपवायला घ्या, आठवड्याला दोन पुडे या दरानं.